सांगलीतील जुन्या तसबिरींचे दुकान: चित्राची पाठ पाहून खरेदी करावी असे

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या अंगाला जुन्या सामानाची जी दुकाने आहेत, त्यांतील एका बिनपाटीच्या दुकानात जुन्या तसबिरी विकत मिळतात. परिसरातील वाडे मोडीत निघाले की दारे, तुळया, पितळी भांडी आणि लंबकाची घड्याळे यांच्यासोबत भिंतीवरच्या तसबिरीही येथे येऊन पडतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर अशा मालाचा ओघ वाढल्याचे मालक स्वतःच सांगतात. हा परिचय केवळ तसबिरींपुरता आहे, कारण लाकूड आणि पितळ यांतले मला फारसे कळत नाही आणि त्या वस्तूंसाठी येणारे गिऱ्हाईकही वेगळे असते.

आधी निष्कर्ष सांगतो. या दुकानात चित्राविषयी तोंडी जे सांगितले जाते त्यावर विसंबू नये, आणि तरीही चित्राचे वय व चित्रकार शोधून काढण्याची आवड असलेल्याने इतरत्र जाण्यापूर्वी येथे यावे. मालक चित्रांना हात लावत नाहीत, हे त्याचे कारण. नीटनेटक्या दुकानांत तसबीर विक्रीला ठेवण्यापूर्वी तिला नवा पुठ्ठा, नवी काच आणि बहुधा नवी पट्टीही बसवलेली असते. चित्र उजळ दिसते, पण ते केव्हाचे आणि कोठले हे सांगू शकणारा मागचा सगळा पुरावा तोपर्यंत रद्दीत गेलेला असतो. येथे धूळ, कोळ्याची जाळी, गंजलेल्या चुका (बारीक खिळे), फ्रेमवाल्याच्या नाव-पत्त्याची चिकटपट्टी, मागे घातलेले वर्तमानपत्र हे सारे जसेच्या तसे राहते. हा मालकांचा आळस असेल, परंतु गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो मोठा गुण आहे.

मालकांच्या माहितीविषयी एवढे सांगणे पुरे, की त्यांच्या लेखी दुकानातील प्रत्येक तसबीर 'शंभर वर्षांपूर्वीची' आहे. देवादिकांचे चित्र असेल तर ते रविवर्म्याचे, देखणी स्त्री असेल तर दलाल किंवा मुळगावकर या चित्रकारांचे, आणि काहीच उमगत नसेल तर 'संस्थानातले' अशी त्यांची वर्गवारी आहे. यात फसवण्याचा हेतू दिसत नाही. ज्या घरातून माल उचलला त्या घरातील माणसांनी जे सांगितले तेच ते पुढे सांगतात, आणि घरातील माणसांना आजोबांच्या वेळची प्रत्येक वस्तू शंभर वर्षांची वाटते.

दुकानात सर्वाधिक भरणा छापील देवादिकांच्या चित्रांचा आहे आणि सर्वाधिक गैरसमजही त्यांच्याविषयीच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून चित्रे छापणारा छापखाना, सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, पण छापखाना त्यानंतरही अनेक दशके चालू होता. १९७२ मध्ये तो आगीत भस्मसात झाला. म्हणजे लक्ष्मीच्या किंवा सरस्वतीच्या चित्राखाली रविवर्मा प्रेसचे नाव असले, तरी तो कागद चित्रकाराच्या हयातीत छापलेला असेलच असे नाही, आणि त्यातले प्रत्येक चित्र मुळात त्यांनीच रंगवलेले असेल असेही नाही, कारण मालकी बदलल्यावर त्या छापखान्याने इतरांचीही चित्रे छापली. छापखान्याचे नाव व गाव बहुतेक वेळा चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत असते आणि फ्रेमच्या पट्टीखाली दडलेले असते. ते वाचायचे तर फ्रेम उघडावी लागते, आणि येथे मालक ती उघडू देतात, चुका उपसायला पक्कडही देतात. ही सवलत जुन्या मालाच्या बाजारात मला अन्यत्र मिळालेली नाही. पुण्याच्या चित्रशाळेची चित्रे अधूनमधून येथे दिसतात. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने निघालेल्या या छापखान्याचे नाव आपल्याकडच्या जुन्या घरांत रविवर्मा प्रेसइतकेच सापडावे, पण गिऱ्हाईक ते नाव विचारत नाही, म्हणून ती चित्रे स्वस्तात मिळतात.

नाव वाचण्यापूर्वी भिंग लावावे. सराफांकडे असते तसले दहापटीचे भिंग पुरेसे आहे. जुन्या शिळाछाप रंगीत चित्रात ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, हाताने दिलेले दिसतात आणि रंगांचे थर एकावर एक चढलेले असतात. चेहऱ्यावरची सावली अशा असंख्य ठिपक्यांनी घडवलेली असते. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची जाळी समान अंतरावर असते आणि चार रंगांच्या ठिपक्यांची बारीक फुले उमटलेली दिसतात. या दुकानात रविवर्म्याचे म्हणून ठेवलेल्या चित्रांपैकी बरीच भिंगाखाली या दुसऱ्या वर्गात जातात. त्यांतील काहींच्या कागदावर कॅनव्हासचे दाणे उठवलेले असतात आणि वरून वार्निश फासलेले असते, त्यामुळे बोट फिरवणाऱ्याची समजूत आणखी पक्की होते. ज्यांवर जरतार आणि टिकल्या शिवून देवीला साडी नेसवलेली आहे, अशा तसबिरी मात्र निराळ्या लक्ष देऊन पाहाव्यात, कारण ते काम कोणा गृहिणीने घरी बसून केलेले असते आणि त्याखालचा छाप अनेकदा जुना निघतो.

दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या सह्या असलेली चित्रे बहुतांशी कॅलेंडरांची किंवा दिवाळी अंकांतून कापलेली आहेत. कॅलेंडर असेल तर खालची कड सरळ कापलेली आणि वरच्या बाजूस पत्र्याच्या पट्टीची खूण असते. अंकातले असेल तर मागे मजकूर किंवा जाहिरात छापलेली आढळते, आणि ती जाहिरातच सालाचा अंदाज देऊन जाते. किंमत आणे-पैत असेल तर छपाई एप्रिल १९५७ पूर्वीची असण्याचा संभव मोठा; 'नये पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतली. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ च्या आधीचा प्रश्नच उद्भवत नाही. या चित्रांना कलाकृतीचा भाव देऊ नये, पण छपाईचे नमुने म्हणून ती जपण्याजोगी आहेत.

आता ज्या एका चित्रामुळे हा परिचय लिहावासा वाटला त्याविषयी. भिंतीशी उलट्या ठेवलेल्या गठ्ठ्यात जलरंगातले एक निसर्गदृश्य होते: कृष्णेचे पात्र, अलीकडे घाटाच्या पायऱ्या, पलीकडे दगडी कमानींचा पूल आणि त्यावर बैलगाडी. मालकांनी नेहमीप्रमाणे शंभर वर्षे आणि 'संस्थानातले' असे दोन्ही सांगितले. चित्राच्या मागे फ्रेमवाल्याची छापील चिकटपट्टी होती आणि तिच्यावर सांगली या गावाच्या नावापुढे 'जि. दक्षिण सातारा' असे शब्द होते. आज हे वाचून कोणालाही ती छपाईतली गफलत वाटेल, परंतु संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जो नवा जिल्हा निर्माण झाला त्याचे नाव दक्षिण सातारा असेच होते आणि १९६० च्या अखेरीस ते बदलून सांगली झाले. म्हणजे चिकटपट्टी या दहा-अकरा वर्षांत छापलेली. फ्रेमवाल्याकडे छापलेल्या पट्ट्या उरल्या असतील तर तसबीर फार तर दोन-चार वर्षे पुढची. 'संस्थानातले' हे विशेषण एवढ्यावरच निकालात निघाले, निदान फ्रेमपुरते.

चिकटपट्टी फ्रेमचे वय सांगते, चित्राचे सांगत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. जुने चित्र नव्या फ्रेममध्ये बसवण्याची रीत पूर्वीही होती. चित्राच्या काळाची दुसरी मर्यादा बांधून दिली ती त्यातल्या पुलाने. दगडी कमानींचा तो पूल म्हणजे आयर्विन पूल, आणि तो १९२९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तेव्हा हे चित्र १९२९ च्या आधीचे असू शकत नाही आणि १९६० च्या फार नंतरचेही असू शकत नाही. पुलावर दिव्यांचे खांब रंगवलेले नाहीत, असा मुद्दा एका जाणकाराने मांडला, पण चित्रकाराने खांब मुद्दाम गाळले असण्याची शक्यता मी त्याहून मोठी मानतो. चित्रात जे दिसते त्यावर तर्क बांधावा. जे दिसत नाही त्यावर बांधलेला तर्क सहसा टिकत नाही.

चित्रकाराचे नाव शोधणे याहून अवघड ठरले. उजव्या कोपऱ्यात रोमन लिपीतील सही आहे. आडनावाची पहिली तीन अक्षरे ओलीच्या डागात विरघळली आहेत, मात्र सहीखाली 'डी. टी. सी.' ही चित्रकला-शिक्षकाच्या प्रमाणपत्राची अक्षरे स्वच्छ वाचता येतात. या अक्षरांनी शोधाची दिशाच बदलते. अशा वेळी नामवंत चित्रकारांच्या याद्या चाळण्यात अर्थ नसतो. सांगली-मिरजेच्या जुन्या हायस्कुलांच्या शताब्दी स्मरणिका काढाव्यात, त्यांत ड्रॉइंग मास्तरांची नावे, त्यांच्या नोकरीचा काळ आणि कधीकधी त्यांनी केलेल्या चित्रांचे फोटोही सापडतात. आपल्या भागातील घराघरांतली हाताने रंगवलेली बहुसंख्य चित्रे या मास्तरांची आहेत, असे माझे मत झाले आहे. मुंबईच्या बाजारात त्यांना किंमत नसेल, पण कृष्णेचा घाट, माहुलीचा संगम आणि मेणवलीच्या पायऱ्या त्या काळी कशा दिसत होत्या याची रंगीत नोंद याच लोकांनी ठेवलेली आहे. या चित्राचा मास्तर मला अद्याप सापडलेला नाही. दोन आडनावे जुळतात, त्यांपैकी एकाचा नोकरीचा काळ बसतो. सहीचा दुसरा नमुना पाहिल्याशिवाय नाव लिहून टाकणे योग्य नव्हे.

जलरंगाच्या बाबतीत आणखी एक परीक्षा दुकानातच करता येते. कागद चौकटीबाहेर काढून दारातल्या उजेडासमोर धरला, तर चांगल्या विलायती कागदात वॉटरमार्क दिसतो, आणि व्हॉटमनच्या कागदात कित्येकदा नावासोबत सालही असते. ते साल कागदाचे असते आणि चित्र त्यानंतरचे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. मागे मोडी लिपीत काही लिहिलेले असेल तर ते वाचून घ्यावे. शके दिलेला असेल तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे शके १८६२ हे १९४० चे साल होय, फक्त पौषातल्या तिथीला बहुधा आणि माघ-फाल्गुनातल्या तिथीला नेहमीच एक वर्ष अधिक धरावे लागते.

नोटा तपासण्यासाठी व्यापारी जो जांभळा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा वापरतात, त्याची खिशात मावणारी बॅटरी सोबत न्यावी. ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची मिळाली तर उत्तम. स्वस्तातल्या ३९५ च्या बॅटरीत जांभळा उजेडच इतका असतो की बारकावे बुडून जातात. साधारण १९५० नंतर कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायने घालण्यास सुरुवात झाली आणि असा कागद या दिव्याखाली निळसर पांढरा झळकतो. जुना म्हणून सांगितलेला कागद असा झळकला तर तेथेच बोलणे संपते. झळकला नाही तर तो जुना ठरत नाही, कारण ही रसायने न घातलेला कागद नंतरही निघत राहिला. तैलचित्रावर हा दिवा याहून उपयोगी पडतो. जुने राळेचे वार्निश हिरवट धूसर दिसते, आणि नंतर केलेली डागडुजी त्यावर काळसर ठिपक्यांसारखी उठून दिसते. या दुकानात कोल्हापूरच्या एका नामवंत चित्रकाराची सही असलेले शेतकऱ्याचे तैलचित्र बराच काळ दर्शनी भागात टांगलेले होते. दिव्याखाली सगळे चित्र हिरवट दिसत होते आणि सही तेवढी त्या हिरवटपणाच्या वर काळीभोर तरंगत होती. म्हणजे वार्निश सुकून जुने झाल्यावर कोणीतरी ती घातली होती. ती कोणी घातली हे सांगता येत नाही, आणि मालकांनी घातली असे मला वाटत नाही. त्यांना हे दाखवले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, किंमत मात्र कमी केली नाही.

पगडीधारी पूर्वजांच्या मोठ्या तसबिरींविषयी थोडक्यात लिहितो. मालक त्यांना तैलचित्रे म्हणतात. त्यांपैकी बहुतेक फोटोंची मोठी केलेली प्रत असून तिच्यावर हाताने रंग दिलेला आहे. तिरप्या उजेडात पाहिले तर गडद भागांच्या कडांना रुपेरी तकाकी येते, ती फोटोच्या कागदातल्या चांदीची. काचेच्या मागच्या बाजूने उलटे रंगवलेले एखादे चित्रही क्वचित असते. त्याची काच पुसायला जाऊ नये आणि फ्रेमही उघडू नये, कारण रंग काचेलाच धरलेला असतो आणि तो पापुद्र्यांनी सुटतो.

मोबाइलवरच्या गूगल लेन्सचा उपयोग मर्यादित आहे. मूळ चित्र प्रसिद्ध असेल तर ते कोणाचे हे तो लगेच सांगतो, पण हातातला कागद केव्हा छापलेला हे त्याला समजण्याचे कारण नाही. स्थानिक चित्रकारांच्या बाबतीत तो काहीही जुळवून देतो. त्यापेक्षा एक दिवस काढून औंधला जावे. खटाव तालुक्यातील औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्मा, धुरंधर, म्युलर यांची मूळ चित्रे जवळून पाहता येतात. तैलरंगाचा थर, कॅनव्हासची वीण आणि फटकाऱ्याची दिशा एकदा प्रत्यक्ष पाहिली, की दुकानात वार्निश फासलेला कागद ओळखायला भिंगाचीही गरज उरत नाही.

किमतींविषयी. छापील देवादिकांच्या तसबिरी आठशे रुपयांपासून तीन हजारांपर्यंत सांगितल्या जातात आणि घासाघीस करून दोन तृतीयांशावर येतात. जलरंगातल्या चित्रांना मालक विशेष मान देत नाहीत, त्यामुळे ती फ्रेमच्या सागवानी पट्टीच्या भावात पदरी पडतात. चोखंदळ गिऱ्हाइकाने लाभ घ्यावा तो याच बाबतीत. 'शंभर वर्षे' या शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. सिद्ध करता येईल तेवढ्याच वयाची किंमत द्यावी, आणि तसे कारण नीट सांगितले तर मालक ऐकून घेतात. चित्र खरोखरच शंभर वर्षांहून जुने निघाले आणि ते परदेशातल्या मुला-नातवंडांकडे पाठवण्याचा विचार असेल, तर पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा आधी पाहून घ्यावा. शंभर वर्षांवरील चित्रे परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि रविवर्म्यांच्या मूळ चित्रांना तर वयाचा विचार न करताही हे बंधन आहे.

दोष सांगायचे तर पहिला ओलीचा. पुरात भिजलेल्या तसबिरी आणि कोरड्या तसबिरी एकाच गठ्ठ्यात ठेवलेल्या असतात, त्यामुळे बुरशी आणि कसर एकीतून दुसरीत जाते. पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ चित्राच्या खालच्या भागात आडवी उमटलेली असते. ती चित्राच्या कोठल्या तरी तळमजल्यावरील वास्तव्याची खूण म्हणून मला आवडते, पण रेघेखालचा कागद ठिसूळ झालेला असतो आणि तो सुधारणे सांगलीत कोणाकडून होईल असे दिसत नाही. दुसरा दोष उजेडाचा: आतल्या भागात एकच पिवळा दिवा आहे, त्यामुळे दिवस मावळल्यावर जाण्यात अर्थ नाही. तिसरा दोष अलीकडचा आणि अधिक गंभीर आहे. हॉटेलांच्या सजावटीसाठी घाऊक माल नेणारी मंडळी येऊ लागल्यापासून बऱ्या तसबिरींना मालक नव्या चकचकीत पट्ट्या बसवून घेऊ लागले आहेत, आणि जुने पुठ्ठे, चिकटपट्ट्या व मागची वर्तमानपत्रे बाहेर ढिगात टाकली जातात. हे असेच चालले तर या दुकानाकडे जाण्याचे माझे कारण वर्षभरात संपेल.

याविषयी मालकांशी बोलणे झाले. जुना पुठ्ठा नव्या फ्रेमच्या मागे तसाच चिकटवून द्यावा आणि माल कोणत्या गावातून, कोणत्या महिन्यात उचलला एवढे त्यावर पेन्सिलीने लिहावे, अशी विनंती मी केली. घरमालकाचे नाव लिहिण्यास त्यांनी नकार दिला, तो रास्तच आहे. गाव लिहिण्यास ते तयार झाले. खालच्या गठ्ठ्यांतील काही तसबिरींच्या मागे आता 'नांद्रे', 'म्हैसाळ', 'अंकलखोप' अशी नावे वाचायला मिळतात. माडीवरचा माल अद्याप बिननावाचा आहे, आणि तो पाहायचा असेल तर आधी सांगून जावे लागते, कारण शिडी शेजारच्या दुकानातून आणावी लागते. सोमवारी दुकान बंद असते. पैसे मोबाइलवरून स्वीकारतात, पावती मागितली तरच देतात, घेतलेला माल परत घेत नाहीत. बांधून द्यायला त्यांच्याकडे रद्दीशिवाय काही नसते, म्हणून काचेची तसबीर घ्यायची असेल तर घरून जुनी चादर आणि सुतळी न्यावी.